रॉडवरचा पांढरा थर

थंडी पडली की पाणी तापवायच्या ज्या वस्तू घरोघरी बाहेर निघतात, त्यांत बादलीत सोडायचा विजेचा रॉड सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर जळणारा. दुकानातून आणताना तो लखलखीत असतो. बोअरच्या पाण्यात काही आठवडे वापरला की वेटोळ्यांवर पांढरट खर धरते. बोटाने घासून ती निघत नाही, सुरीने खरवडली तर पापुद्रे सुटतात. पुढच्या हिवाळ्यात रॉड बंद पडला की ‘माल डुप्लिकेट निघाला’ म्हणून दुकानदाराला बोल लावला जातो. पुष्कळदा दुकानदाराचा त्यात काही दोष नसतो. दोष पाण्याचा असतो.

हा दोष पाण्यात येतो कुठून, ते पाहायला एक गाव घेऊ: सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावरचं, नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातलं खांडबारा. इथली जमीन साऱ्या दख्खनसारखीच काळ्या बेसाल्टची, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाची. पावसाचं पाणी मातीत मुरताना तिथला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. हे पाणी खडकाच्या भेगांतून झिरपत जातं, तसे खडकातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्यात उतरतात. काळ्या मातीतली चुनखडी त्यात आणखी भर घालते. पाणी जितकं खोल आणि जितका काळ खडकात मुरलेलं, तितकं ते सहसा जड. नदीनाल्यांचं पाणी त्यामानाने हलकं असतं.

धुळे–नंदुरबारच्या या पट्ट्याचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. जुन्या लाव्हाला तडे जाऊन त्यांत नंतर वर आलेला लाव्हा थिजला आणि जमिनीत उभ्या भिंती तयार झाल्या. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. काही ठिकाणी त्या उघड्या पडून लांबच लांब दगडी बांधासारख्या दिसतात. भूजलाच्या वाटेत अशी भिंत आली की ते कुठे अडतं, कुठे वळतं. म्हणून एका शेतातल्या विहिरीचं पाणी गोड आणि हाकेच्या अंतरावरच्या बोअरचं जड, असं घडू शकतं. शेजाऱ्याचा गीझर दहा वर्षं टिकला म्हणून आपलाही टिकेल, हा हिशेब इथे चालत नाही.

पाण्याचा जडपणा मोजता येतो. एका लिटरमध्ये कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने किती मिलिग्रॅम क्षार आहेत, तो आकडा म्हणजे पाण्याची कठीणता. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात (आयएस 10500, 2012) ती 200 पर्यंत असावी असं म्हटलं आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेता येते. आरोग्याच्या कारणासाठी मात्र जागतिक आरोग्य संघटनेने कठीणतेवर मर्यादा घातलेली नाही. जड पाण्याचा खरा फटका बसतो तो घरातल्या उपकरणांना, आणि तोही मुख्यतः दोन ठिकाणी: जिथे पाणी तापतं तिथे आणि जिथे ते उडून जातं तिथे.

आधी तापण्याचं. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट उष्णतेने फुटतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट उरतं. सगळ्यात तापलेला पृष्ठभाग रॉडचा, म्हणून थरही तिथेच बसतो. रॉड कापून पाहिला तर बाहेर धातूची नळी, आत ठासून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड आणि मधोमध तापणारी नायक्रोमची तार दिसते. तारेची उष्णता पूड आणि नळीतून पाण्यात गेली तरच तार सुरक्षित राहते. खर ही तांब्याच्या मानाने शेकडो पटींनी मंद उष्णतावाहक. थर जाड झाला की उष्णता आत कोंडते, नळी भलतीच तापून तडकते, तड्यातून पाणी आत शिरतं. मग बादलीतल्या पाण्यातही वीज उतरू शकते. रॉडचा खटका चालू असताना पाण्यात बोट घालून पाहण्याची सवय म्हणूनच जिवावर बेतणारी आहे.

थरामुळे विजेचं बिल दुप्पट होतं, असं सर्रास सांगितलं जातं. विजेच्या रॉडबाबत ते खरं नाही. पाण्यात बुडलेल्या रॉडची उष्णता थोड्या उशिराने का होईना, पाण्यातच जाते. नुकसान होतं ते रॉडचं. लाकडावर पेटणाऱ्या तांब्याच्या बंबाची गोष्ट वेगळी. त्याच्या मधल्या नळीला पाण्याच्या बाजूने खर धरली की उष्णता पाण्यात न जाता धुराबरोबर वर निघून जाते आणि जळण वाया जातं. कोळशाच्या रेल्वे इंजिनांना हेच दुखणं होतं. त्यांचे बॉयलर ठराविक मुदतीने थंड करून, झाकणं उघडून, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने आतून धुवावे लागत.

आता उडून जाण्याचं, आणि खानदेशात त्याचं ठळक उदाहरण म्हणजे कूलर. कूलर थंडावा देतो तो पाण्याची वाफ करून. वाफ निघून जाते, क्षार मागे राहतात. समजा, पाण्याची कठीणता 400 आहे आणि कूलर दिवसाला 40 लिटर पाणी पितो. म्हणजे रोज 16 ग्रॅम आणि 75 दिवसांच्या उन्हाळ्यात 1 किलो 200 ग्रॅम क्षार टाकीत आणि गवताच्या जाळ्यांत साठले. जाळ्या दगडासारख्या होतात, हवा अडते, पंपाची भोकं बुजतात. टाकीत नुसती भर घालत राहण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी ती पूर्ण रिकामी केली, तर यातले बरेच क्षार पाण्याबरोबर झाडांच्या आळ्यात जातात. इतका सोपा उपाय क्वचितच कोणी करतं, ही खेदाची गोष्ट आहे.

वॉशिंग मशीनमध्ये साबण आणि कॅल्शियम मिळून चिकट साका तयार होतो, कपडे राठ होतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत नळाचं पाणी कधीच घालू नये. तिला डिस्टिल्ड वॉटरच लागतं. स्वयंपाकघरातही जडपणा जाणवतो. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, पण तीसुद्धा जड पाण्यात लवकर शिजत नाही, कारण कॅल्शियम डाळीच्या पेशीभित्तिकांमधल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं.

खर काढायला लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर पुरेसं आहे. प्लग काढलेला, गार झालेला रॉड कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून तासभर बुडवला की फेस येतो आणि थर सुटतो. संडास धुण्याचं ॲसिड वापरलं तर खरीबरोबर धातूही खाल्ला जातो. ठिबकच्या नळ्या बुजू नयेत म्हणून शेतकरी मोजून मापून ॲसिड सोडतात. तीच शिस्त घरातही हवी. गीझरचं तापमान 50–55 अंशांवर ठेवलं तरी थर बराच कमी धरतो.

साऱ्या घरासाठी महागडं यंत्र घेण्याआधी पाणी तपासून घ्यावं. हातातला टीडीएस मीटर सगळे क्षार एकत्र दाखवतो. त्यांतले कॅल्शियम-मॅग्नेशियम किती, ते त्यावरून कळत नाही. 2019 मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना तपासणी संच वापरायला शिकवण्यात आलं. कठीणतेच्या चाचणीत नमुन्यात थेंब थेंब द्रावण टाकत जायचं; लालसर रंग निळा झाला की थांबायचं आणि थेंबांवरून आकडा काढायचा. ही चाचणी एकदा मे महिन्यात आणि एकदा दिवाळीनंतर करावी, कारण पावसाने भूजल भरलं की आकडा सहसा उतरतो. मिठावर चालणारा सॉफ्टनर घ्यायचाच झाला, तर तो गीझर आणि वॉशिंग मशीनच्या लाइनवर बसवावा. पिण्याचा नळ त्यातून वगळावा, कारण सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम सोडतो, आणि तो धुताना निघणारं खारट पाणी परसबागेत जाऊ देऊ नये.