चिपाडाचा हिशेब

पहाटे ३

मी गुऱ्हाळावर पोचतो तेव्हा धाकटा भाऊ शेतातनं परत येत असतो. या आठवड्यात आमच्या भागात शेतीच्या विजेची रात्रपाळी आहे, त्यामुळं रात्री दहापासून तो उसाला पाणी पाजत होता. पायांना चिखल, डोक्याला मफलर, हातात बॅटरी. जानेवारीत भोगावतीकाठचा पहाटवारा हाडात शिरतो.

"झालं का रं?"

"दोन सऱ्या राहिल्या. लाईट गेली," एवढंच बोलून तो घराकडं वळतो. आईनं गोबरगॅसवर चहा ठेवलेला असेल. दोन म्हशी आणि एका गाईच्या शेणावर आमच्या घरचा चहा आणि आमटी होते.

भाऊ पाजतो ते पाणी राधानगरी धरणातनं येतं. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात धरणाचं काम हाती घेतलं. ते पुरं व्हायला मात्र स्वातंत्र्य यावं लागलं. धरणाच्या पायथ्याशी वीजघर आहे. तिथं चक्र फिरवून पाणी नदीत उतरतं, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत अडतं आणि मग आमच्या मोटारी ते उपसतात. खाली येताना वीज देणारं पाणी वर चढवायला पुन्हा वीज लागते. लहानपणी मला हे कोडं वाटायचं.

मी स्टार्टरची हिरवी कळ दाबतो. पंधरा अश्वशक्तीची मोटार घुमते, पट्टा ताणतो आणि चरकाच्या तोंडात पहिली मोळी जाते.

पहाटे ४.३०

एका आदणाला, म्हणजे काहिलीच्या एका खेपेला, आम्हाला दीड टन ऊस लागतो. त्याचा साधारण नऊशे किलो रस निघतो आणि सहाशे किलो ओलं चिपाड मागं उरतं. रस काहिलीत येतो, चिपाड अंगणात जातं. पहिल्या आदणाखाली जळतं ते मात्र तीन दिवसांपूर्वीचं, उन्हात वाळलेलं चिपाड.

चुलवाणाच्या तोंडाशी खड्ड्यात बसून आमचा गडी जाळ घालतो. बाहेरच्याला हे काम सोपं वाटतं. चिपाड हलकं असतं, भसकन पेटतं आणि तसंच विझतं, त्यामुळं हात थांबून चालत नाही. एकदम जास्त कोंबलं तर धूर होतो, कमी पडलं तर काहिलीची उकळी बसते. मूठमूठ सारत, वर उकळणाऱ्या रसाच्या आवाजाकडं कान ठेवून त्याला तीन तास बसावं लागतं. गूळ करायचा मान गुळव्याचा असला तरी तो गडी आजारी पडला की गुऱ्हाळ बंद राहतं, हे मी तीन हंगामांत पाहिलं आहे.

रस तापू लागला की गुळवे मामा चुन्याची निवळी घालतात, मग रानभेंडीचं बुळबुळीत पाणी. मळी वर येते, ती झाऱ्यानं काढतात. ती निघेपर्यंत जाळ बेताचा ठेवायचा, मग मोठा करायचा आणि शेवटी पुन्हा हलका. चिपाडाच्या जाळाला हे जमतं, कारण तो हाताच्या मुठीनं वाढतो आणि मुठीनं कमी होतो.

सकाळी ७.३०

"जाळ तोड!" मामा ओरडतात.

पाक दाटला आहे, पिवळा फेस काहिलीच्या काठापर्यंत चढला आहे. मामा शेंगतेलाचे चार थेंब शिंपडतात, फेस खाली बसतो. ते पाकाची धार थंड पाण्याच्या वाटीत सोडतात, बोटांनी गोळी वळतात आणि वाटीच्या काठावर आपटतात. टण्ण आवाज येतो. पाक या घडीला ११८ अंशांच्या आसपास असतो. गूळ संशोधन केंद्रातले लोक तापमापी लावून हेच सांगतात. आमच्याकडंही तापमापी आहे. मामा तिच्याकडं पाहतात, मान डोलावतात आणि गोळी वळतातच.

कप्पीच्या साखळीनं काहील उचलून पाक वाफ्यात ओतला जातो. तो निवला की तीस-तीस किलोचे सहा रवे भरतील.

दीड टन उसातनं एकशे ऐंशी किलो गूळ आला. नऊशे किलो रसातलं सातशे किलो पाणी वाफ होऊन गेलं. या सातशे किलोतच सगळा हिशेब आहे. उकळतं पाणी वाफ करायला किलोमागं ५४० किलोकॅलरी लागतात. त्यात रस तापवायची उष्णता धरली तर एका आदणाला सव्वाचार ते साडेचार लाख किलोकॅलरी होतात, म्हणजे पाचशे युनिट वीज. चरकाची मोटार एका आदणाला पंधरा-वीस युनिट घेते. गुऱ्हाळावर आलेला पाहुणा मोटारीचा आवाज ऐकतो आणि बिल बघून हळहळतो. पण तिच्या पंचवीसपट काम खड्ड्यात बसलेला माणूस आवाज न करता करवून घेत असतो.

वीज फुकट मिळाली तरी तिच्यावर रस आटवायला मी धजणार नाही. महाराष्ट्रात विजेचा मोठा वाटा अजून कोळशाचाच आहे. कोयनेची जलविद्युत क्षमता १९६० मेगावॉट आहे आणि आम्हाला तिचा अभिमान आहे, पण एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची २९२० मेगावॉट आहे. एका युनिटामागं पाऊण किलोच्या आसपास कोळसा जळतो. म्हणजे माझ्या एका आदणाच्या चरकापायी दहा-पंधरा किलो कोळसा विदर्भात जळत असणार. तो पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचा आहे. माझं चिपाड गेल्या वर्षीच्या आडसाली लागणीचं, सतरा महिन्यांच्या उन्हाचं आहे. जाळल्यावर दोन्हींचा कार्बन हवेत जातो. चिपाडाचा तेवढाच कार्बन पुढच्या लागणीचा ऊस ओढून घेतो. कोळशाचा परत घ्यायला तसं रान आता कुठं उरलं आहे?

सकाळी १०

आता खरं काम सुरू होतं, आणि ते बायका करतात.

चरकाखालनं ओलं चिपाड पाट्यांनी भरून अंगणात नेतात, पातळ पसरतात. दुपारी उलटतात, संध्याकाळी गोळा करतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा पसरतात. थंडीत तीन उन्हं लागतात, मार्चमध्ये दोन पुरतात. माझी आई चिपाड उचलून मधोमध वाकवते. कडकन मोडलं तर गंजीवर घालायचं, वाकलं तर पुन्हा उन्हात. तिची ही परीक्षा आजवर चुकलेली मी पाहिली नाही.

सहाशे किलो ओल्या चिपाडातलं निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच असतं. वाळून ते तीनशे किलो भरतं. म्हणजे प्रत्येक आदणामागं तीनशे किलो पाणी ऊन उडवतं आणि दिवसाच्या पाच आदणांचं दीड टन होतं. हेच पाणी चुलवाणात उडवायचं ठरलं तर जाळाचा काही भाग चिपाड वाळवण्यातच खर्ची पडेल आणि रस आटायला तेवढा जाळ कमी पडेल. सौरऊर्जा म्हटलं की लोकांना काळ्या काचेची पट्टी दिसते. मला पाट्या वाहणाऱ्या या सहा जणी दिसतात. त्यांची मजुरी गुळव्यापेक्षा पुष्कळ कमी आहे आणि हे मला बरोबर वाटत नाही. यंदा आम्ही ती थोडी वाढवली. अजून वाढवायला हवी.

साखर कारखान्यांचं तंत्र वेगळं आहे. ते निम्मं पाणी असलेला बगॅस, म्हणजे चिपाडच, तसाच बॉयलरमध्ये घालतात, कारण त्यांचे बॉयलर मोठे आणि त्यासाठीच बांधलेले असतात. जास्त दाबाची वाफ आधी टर्बाइन फिरवते, वीज तयार होते, आणि तीच वाफ दाब उतरल्यावर रस आटवते. आपली गरज भागवून उरलेली वीज ते विकतात. एकाच जळणातनं दोन कामं! रात्री कारखान्याचे दिवे पाहिले की मला हेवा वाटतो. माझ्या चुलवाणात निम्म्याहून अधिक उष्णता धुराड्यातनं वर जाते. शेजारच्या गावात एकानं धुराड्याकडच्या वाटेवर दुसरी काहील बसवली आहे, तिच्यात पुढच्या आदणाचा रस आधीच तापतो. यंदाचा हंगाम संपला की तेच करायचं माझ्या मनात आहे.

दुपारी १

भाकरी, खरडा, दही, आणि मामांसाठी वाटीभर काकवी. चरक थांबलेला असतो तेवढ्यात आमचे वडीलधारे आप्पा जुन्या गोष्टी काढतात. त्यांच्या वडिलांच्या काळी घाण्याला बैल होते. बैल दमले की जोडी बदलायची. मग ऑईल इंजिन आलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्याचे भाग ओतले आणि कातले जायचे आणि गावोगावचे मिस्त्री ती इंजिनं आवाजावरनं दुरुस्त करायचे. बैल वैरणीवर चालायचे, इंजिन डिझेलवर चाललं, मोटार तारेवर चालते.

"बैलाला काय घातलं ते दिसत हुतं. तारंतनं काय येतंय ते दिसत न्हाई," आप्पा म्हणतात.

भाऊ झोपेतनं उठून जेवायला आलेला असतो. त्याचं लक्ष सौर कृषी वाहिनीकडं लागलं आहे. २०१७ मध्ये सरकारनं ही योजना आणली. गावाजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची, असं तिचं सूत्र आहे. कार्बनचं गणित त्याला मी सांगतो, तो ऐकून घेतो. त्याला हवं आहे ते एवढंच, की साप-विंचवाच्या अंधारात सऱ्या मोडायला जावं लागू नये. योजनेच्या बाजूनं इतकं सरळ कारण मला दुसरं सापडलेलं नाही.

दुपारी ३.३०

एक टेम्पोवाला थांबतो. मागं टायरचे तुकडे भरलेले.

"जळान पायजे का? सस्तात देतो."

"नको."

"समद्या गुऱ्हाळांवर घेत्यात."

"आमी न्हाई घेत. जावा."

सगळ्या गुऱ्हाळांवर घेतात हे खरं नाही, पण काही ठिकाणी घेतात. एका वर्षी आम्हीही घेतले होते. त्या वर्षी हंगामाच्या मध्यावर अवकाळी पाऊस झाला, गंज आतपर्यंत भिजली, उसाच्या तोडी झालेल्या होत्या आणि तोडलेला ऊस थांबत नाही. दोन दिवस मी टायरचे तुकडे जाळले. जाळ तेज होता. काळा, चिकट धूर वस्तीवर उतरला, पोरं रात्रभर खोकली. तिसऱ्या दिवशी सकाळी मामांनी झारा खाली ठेवला.

"ह्यो गूळ म्या माझ्या नातवाला देणार न्हाई," ते म्हणाले. "मग लोकांच्या नातवास्नी कसा देऊ?"

टायरचा मोठा भाग खनिज तेलापासूनच बनलेला. शिवाय त्यात गंधक आणि काय काय मिसळलेलं. सतरा महिने उन्हात वाढवलेल्या उसाचा रस आम्ही त्यावर शिजवला होता. ते आदण आम्ही बाजारात पाठवलं नाही, पण आधीची गेलेली होती, आणि ती गोष्ट माझ्या मनातनं जात नाही. पुढच्याच उन्हाळ्यात कर्ज काढून मी गंजीवर पत्र्याची शेड उभी केली. काहिली आणि चरकापेक्षाही गुऱ्हाळाला जळणाची शेड आधी हवी, असं आता मी नव्या माणसाला सांगतो.

संध्याकाळी ५.३०

पाचवं आदण चढलं आहे. सकाळचे रवे कापडातनं काढून, पुसून टेम्पोत भरले जातात. उद्या सकाळी मार्केट यार्डात सौदा निघेल. गुळाच्या व्यापारासाठी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली आणि २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. या दोन तारखांमधल्या काळात इथं जळलेल्या सगळ्या चिपाडाची नोंद कुठल्याच दप्तरात नसेल.

व्यापारी रंग बघतो, कण बघतो, चव बघतो. कुठल्या जळणावर शिजला, हे तो विचारत नाही. त्यानं विचारावं असं मला वाटतं. सेंद्रिय ऊस, बिनरसायनाचा गूळ अशी अक्षरं पुड्यांवर छापून येतात, तर वाळल्या चिपाडावर शिजवलेला, हेही छापता येईल.

चुलवाणातली राख गडी ओढून काढतो. गार झाली की ती उसाच्या खोडव्यात जाईल.

संध्याकाळी ७

मोटार बंद होते आणि रातकिड्यांचा आवाज ऐकू येतो. पश्चिमेला ढग आले आहेत. बायकांनी आजचं चिपाड गोळा करून शेडखाली ओढलं आहे. जुनं एका बाजूला, ओलं दुसऱ्या बाजूला. भाऊ बॅटरी चार्जिंगला लावतो, दहाला त्याची पाळी आहे.

आई कालच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालते आणि अगदी आतलं एक चिपाड ओढून काढते. दिव्याखाली धरून वाकवते. ते मोडत नाही.

"आनि एक ऊन पायजे," ती म्हणते आणि ते चिपाड ओल्या ढिगावर टाकते.