वापरलेल्या स्क्रूचे पैसे कोणाकडे मागायचे?

पनवेल ही जुनी पेठ. इथे माल अडत्याच्या हातून पुढे जाई. अडत्या दलाली घेई, पण माल त्याच्या डोळ्यांसमोर असे. आरोग्यविम्याच्या व्यवहारातही आज असाच एक मधला माणूस आहे. मात्र त्याला माल दिसत नाही, कागद दिसतात. या फरकाची किंमत कोण मोजतं, याचा मी काही वर्षं मागोवा घेतो आहे. मी ना डॉक्टर, ना विमातज्ज्ञ. एका शल्यसाहित्य पुरवठादाराकडे संध्याकाळी हिशेब लिहीत असे, तिथून ही वाट सुरू झाली.

१९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणलं. तेव्हा रुग्ण आधी बिल भरी आणि मग कंपनीकडून पैसे मिळवी. २००१ मध्ये विमा नियामकाने त्रयस्थ प्रशासकांची, म्हणजे रुग्णालयाच्या बोलीतल्या ‘टीपीए’ची, नियमावली केली आणि पुढे कॅशलेस रुळलं. रुग्णाची सोय झाली, हे मान्यच. पण उधारी नाहीशी झाली नाही; ती रुग्णाकडून रुग्णालयाकडे आणि तिथून पुरवठादाराकडे सरकली.

हे कसं घडतं? द्रुतगती मार्गावर अपघात होतो, मांडीचं हाड मोडतं. रात्री पुरवठादाराला फोन येतो. नेमक्या कोणत्या मापाचा स्क्रू लागेल ते आधी ठाऊक नसतं, म्हणून प्लेटा, स्क्रू, अवजारं असा अख्खा सेट तो थिएटरला पोचवतो. वापरलं त्याचं बिल होतं, उरलेलं परत येतं. इम्प्लांटचं स्टिकर केसपेपरवर चिकटवतात; त्यावरचा क्रमांक बिलाशी जुळावा लागतो. एक आकडा चुकला की टीपीएची ‘क्वेरी’ येते आणि दावा अडतो. रुग्णालय म्हणतं, “कंपनीकडून आले की देतो.” पुरवठादार कंपनीला विचारू शकत नाही. करार रुग्णालय आणि कंपनी यांच्यातला. त्यात त्याचं नाव नाही. जीएसटी मात्र बिल फाडलं की देय होतो, पैसे आलेले असोत वा नसोत.

सरकारी योजनेतही तो असाच कडेला. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला रायगड होता. आज तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव आहे. शस्त्रक्रियेचं पॅकेज ठरलेलं असतं आणि ते ठरवताना पुरवठादार समोर बसलेला नसतो.

तो निव्वळ बिचारा आहे, असंही नाही. या धंद्यात नफ्याचे थर फार होते, म्हणूनच फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारला औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपयांवर बांधावी लागली. त्याच वर्षी गुडघ्याच्या सांध्यांचीही बांधली. किंमत बांधली हे योग्यच झालं; पण ती हाती कधी पडावी, हे कोणी बांधलं नाही.

२००६ च्या सूक्ष्म व लघु उद्योगांच्या कायद्यात ४५ दिवसांची मुदत आहे, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. तो वाचून मी एकदा उत्साहाने दुकानात गेलो. नंतर कळलं, जुलै २०२१ मध्ये व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळाली, पण लाभ फक्त अग्रक्रमाच्या कर्जापुरता. स्क्रू बनवणाऱ्याला संरक्षण आहे. तो रात्री दोन वाजता पोचवणाऱ्याला नाही. मे २०२४ मध्ये नियामकाने कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायला सांगितलं. हे घड्याळ रुग्णासाठी आहे, आणि ते हवंच. पुरवठादाराच्या भिंतीवर घड्याळ नाही.

मी ज्यांचा हिशेब लिहीत होतो, त्यांनी अखेर एका रुग्णालयाची उधारी बंद केली. त्यानंतर तिथल्या एका रुग्णाच्या मुलाला सांगण्यात आलं, “इम्प्लांटचे पैसे तेवढे रोख भरा.” त्याच्या हातात कॅशलेसचं कार्ड होतं.

म्हणून मला वाटतं, दाव्यातली इम्प्लांटची रक्कम वेगळी दाखवावी आणि ती रुग्णालयात जमा झाल्याची तारीख पुरवठादाराला कळावी. तेवढ्याने सगळं सुटणार नाही. पण पैसा नेमका कुठे थांबला, हे तरी दिसेल.