वैमानिकाची लेखी परीक्षा : आधी पुस्तक, मग पैसा

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. आता आपली मुलेही वैमानिक होऊ म्हणतात. अमरावती-अकोल्याच्या व्यापारी-कारागीर बांधवांना आम्ही सुचवतो, दुकान गहाण टाकण्याआधी मुलाची वैद्यकीय तपासणी व लेखी परीक्षा उरकून घ्या.

व्यावसायिक परवान्याची ही परीक्षा डीजीसीए हे केंद्र सरकारचे खाते घेते. दिशादर्शन, हवामानशास्त्र, हवाई नियम व विमानाचे तांत्रिक ज्ञान हे मुख्य विषय. प्रत्येकात ७० टक्के गुण हवेत. पुस्तके इंग्रजीत, म्हणून उर्दू माध्यमाच्या मुलाने रोज शब्दार्थाची वही लिहावी. उड्डाणाच्या २०० तासांना लाखो रुपये लागतात. पुस्तके मात्र घरी वाचता येतात. माल पारखूनच बयाणा द्यावा, हाच आपला दस्तूर.