हळदी-कुंकू, पाण्यावरचं

संक्रांतीचं हळदी-कुंकू यंदा कुणाकडे, यावर आमच्या भिशीत दरवर्षी वाद होतो. या वर्षी मी म्हटलं, घरात नकोच. नांदूरमध्यमेश्वरला जाऊ. 'पक्षी बघायला? वाण घेऊन?' सगळ्या हसल्या. खरं कारण मी तेव्हा सांगितलं नाही. मागच्या वर्षी माझ्याकडच्या कार्यक्रमात माझ्या थोरल्या जाऊबाई स्वयंपाकघरात उभ्या राहून डिशेस भरत होत्या. भाऊजी जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. बाहेर बायकांचा कलकलाट, आत ताई एकट्या. आणि रिकामा ट्रे त्यांच्या हातात मीच दिला होता.

तर रविवारी येवल्याहून पहाटे निघालो, आम्ही नऊ जणी. ताई 'मी कशाला' म्हणत होत्या, पण माझी मुलगी 'मोठी आई नाही तर मीपण नाही' म्हणून हटून बसली.

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात, तिथे 1911 मध्ये बंधारा बांधला. मग वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, मधेमधे बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. धरणाच्या दृष्टीने हे नुकसानच, पण पक्ष्यांना असंच दलदलीचं पाणी लागतं. 1986 मध्ये अभयारण्य झालं आणि 2020 मध्ये 'रामसर' यादीत नाव आलं. महाराष्ट्रातली ती पहिलीच पाणथळ जागा. नाशिकपासून जेमतेम चाळीसेक किलोमीटर, आणि आपल्यापैकी किती जणींनी पाहिलंय?

चापडगावच्या बाजूने आत गेलं की चढ नाही, दगडधोंडे नाहीत. ताईंचे गुडघे दुखतात, पण निरीक्षण मनोऱ्यापर्यंत त्या माझ्या आधी पोचल्या. बरोबर गाइड म्हणून गावातलाच एक मुलगा होता. दुर्बीण जरूर घ्या, नाहीतर सगळे काळे ठिपकेच दिसतात. पाण्यावर काळ्याभोर पक्ष्यांची ही गर्दी, प्रत्येकाच्या कपाळावर पांढरा टिळा. नाव काय, तर वारकरी! लांब गुलाबी पायांचे शेकाटे, जांभळ्या पाणकोंबड्या, चमच्यासारख्या चोचीने पाणी ढवळणारे चमचे. केशरी चक्रवाक हिवाळ्यापुरते लडाखकडून आलेले पाहुणे.

'आणि ते बघा, हळदी-कुंकू,' मुलगा म्हणाला.

आम्हाला वाटलं चेष्टा करतोय. पण खरंच, बदकाचं नावच ते. काळी चोच, तिच्या टोकाला पिवळा ठिपका आणि कपाळाशी दोन लाल. हे पाहुणं नाही, बारा महिने इथलंच. ताईंनी दुर्बीण बराच वेळ सोडली नाही.

'यातली मादी कुठली रे?'

'मावशी, दोघं सारखीच दिसतात. नराचा लाल ठिपका जरा मोठा असतो, एवढंच.'

'म्हणजे दोघांनाही असतं,' ताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, 'बघ गं, कुणी लावायला नको, कुणी पुसायला नको.'

मला काही बोलायला सुचलं नाही.

पाण्यापासून दूर येऊन, झाडाखाली सतरंजी टाकून दशम्या, ठेचा आणि तिळगूळ सोडले. एका मैत्रिणीने करंडा काढला. फिरत फिरत ताईंपाशी आली आणि थबकली. करंडा मी घेतला. ताईंनी हळद लावू दिली. कुंकवाला बोट लागलं तेव्हा म्हणाल्या, 'ते राहू दे.' मी आग्रह केला नाही. वाणाची वाटी मात्र त्यांनी पदरात घेतली, आणि आमच्यातल्या सगळ्यात जुन्या विचारांच्या काकूंनी त्यांच्या हातावर स्वतःहून तिळगूळ ठेवला.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेही भल्या पहाटे. भडक साड्या नकोत, अत्तर नको, पायात बूट हवेत. बाथरूमचं निफाडलाच उरकून घ्या, हा अनुभवाचा सल्ला. आणि पिशव्या परत आणा, आमच्या आधी कुणीतरी आणल्या नव्हत्या.

परतताना ताई किराण्याच्या यादीच्या मागे काहीतरी लिहीत होत्या. डोकावले, तर पक्ष्यांची नावं. तेवीस झाली होती. 'चोविसावं काय गं होतं, ते तपकिरी, शेपटी हलवणारं?' त्यांनी विचारलं. मला आठवेना. विंचूर येईपर्यंत गाडीत त्यावरच वाद चालला होता.