तीन मिनिटांचा दम

पुण्यात २००८ साली आशिया-पॅसिफिक रोबोकॉन स्पर्धा झाली, तेव्हा तिची कल्पना गोविंदाची होती: उंच टांगलेल्या हंड्यांतले लोणी यंत्रमानवांनी काढायचे. रोबोकॉनचा सामना असतो ३ मिनिटांचा. तेवढ्या वेळात रोबोने सरासरी २० अँपिअर ओढले, तरी खर्च होतो १ अँपिअर-तास. संघांकडे हमखास सापडणाऱ्या १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या बंद लेड-ॲसिड बॅटरीवर साठा लिहिलेला असतो त्याच्या सातपट. तरीही भर सामन्यात मोटारी घुटमळतात, कंट्रोलर बंद पडून पुन्हा सुरू होतो. अशा वेळी बॅटरी उतरली असे आपण म्हणतो. पण बहुतेकदा ती उतरलेली नसते, तिला ओझे पेलवत नसते. मोटार जागची हलताना चालत्या मोटारीच्या कितीतरी पट प्रवाह मागते. हा प्रवाह बॅटरीच्या स्वतःच्या अंतर्गत रोधातून जातो आणि तिथे व्होल्टेज जिरते. चांगल्या बॅटरीचा रोध २५ मिलिओहमच्या आसपास धरला, तर ३० अँपिअरला पाऊण व्होल्ट जातो. तोच रोध म्हातारपणी १५० मिलिओहम झाला, तर साडेचार व्होल्ट आतल्या आत संपतात आणि कंट्रोलरच्या वाट्याला जेमतेम ८ उरतात. दोन्ही बॅटऱ्यांना नुसता मल्टिमीटर लावा, आकडा जवळपास सारखाच दिसेल, कारण मीटर प्रवाह ओढतच नाही. म्हणून माझे म्हणणे असे, की मोकळ्या बॅटरीचे व्होल्टेज पाहून ती रोबोत बसवणे म्हणजे गोठ्यात बसलेला बैल पाहून त्याची ओढ ठरवणे.

नांदेड-लातूरच्या ट्रॅक्टर आणि इन्व्हर्टर बॅटरीच्या दुकानांत हे ज्ञान जुनेच आहे. तिथला कारागीर लोड टेस्टर लावल्याशिवाय बॅटरीबद्दल बोलत नाही. विद्यार्थ्यांनी तिकडून शिकावे. ‘आमच्याकडे महागडे यंत्र नाही’ ही अडचण खरी वाटते, पण ती फार मोठी नाही. गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट, ६० वॅटचा बल्ब सुमारे ५ अँपिअर ओढतो. चार्ज झालेली बॅटरी काही तास तशीच ठेवावी, म्हणजे चार्जिंगनंतरचा फुगीर आकडा खाली बसतो. मग बल्ब लावून दहा सेकंदांनी टोकांवरचे व्होल्टेज मोजावे. १२.७ चे १२.५ झाले, तर ०.२ भागिले ५, म्हणजे ४० मिलिओहम. एवढाच भागाकार. प्रत्येक बॅटरीवर नंबर टाकून हा आकडा तारखेसह वहीत उतरवला, की कोणती बॅटरी थकत चालली आहे ते महिनाभर आधी कळते. ‘चाचणीनेच बॅटरी झिजेल’ असेही कोणी म्हणेल. दहा सेकंदांत ५ अँपिअर म्हणजे साठ्याचा पाचशेवा हिस्सासुद्धा नव्हे. १०.५ व्होल्टपर्यंत पूर्ण उतरवून साठा मोजण्याची चाचणी मात्र खरोखर झिजवते, ती हंगामात एकदाच करावी. त्या चाचणीत बल्ब पाऊण तासातच मंदावला तर घाबरू नये: ७ हा आकडा वीस तास संथ उतरवण्याचा आहे. प्रवाह वाढला की हाती येणारा साठा घटतो, हा नियम पॉयकर्टने १८९७ सालीच मांडला होता.

‘त्यापेक्षा नव्याच घेऊ’ हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो मान्य केला तरी प्रश्न सुटत नाही. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो. पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये त्याहून जास्त. दर १० अंशांमागे लेड-ॲसिडचे आयुष्य साधारण निम्मे होते आणि दुकानाच्या फळीवर पडून राहिलेली नवी बॅटरीही आपोआप उतरत, सल्फेट धरत असते. शिवाय २५ अंशांना बेतलेला चार्जर ४० अंशांनाही तेच व्होल्टेज देत राहिला, तर बॅटरी अतिचार्ज होऊन सुकते. दर अंशाला दर सेलमागे ३ ते ४ मिलिव्होल्ट, म्हणजे सहा सेलना मिळून जवळपास ०.३ व्होल्ट कमी करावे लागते. लिथियम-पॉलिमरला तर ही चूक मुळीच चालत नाही: सेल ४.२ व्होल्टवर थांबवावा, पडून ठेवायचा तर ३.८ च्या आसपास, फुगलेला पॅक पुन्हा चार्जरला लावू नये, चार्जिंग चालू असताना कोणीतरी समोर असावे. विष्णुपुरीचे श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी आणि तंत्रज्ञान संस्थान असो, लातूरची अभियांत्रिकी महाविद्यालये असोत किंवा एखाद्या शाळेची अटल टिंकरिंग लॅब, मे महिन्यातले चार्जिंग पहाटेच्या गारव्यात करणे आणि वहीत व्होल्टेजशेजारी खोलीचे तापमान लिहिणे सर्वांनाच जमेल. तापमान लिहायचे कारण असे, की गरम बॅटरीचा रोध कमी भरतो. दुपारी ‘तगडी’ ठरलेली बॅटरी वातानुकूलित सभागृहातल्या सामन्यात वेगळा आकडा दाखवू शकते.