डॅन्यूब: अर्थ विसरलेलं नाव

जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये उगम पावणारी डॅन्यूब सुमारे २,८५० किलोमीटर वाहत जाऊन काळ्या समुद्राला मिळते. वाटेत ती दहा देशांना स्पर्श करते. आपल्याला नकाशातून परिचित झालेलं तिचं ‘डॅन्यूब’ हे नाव मात्र इंग्रज आणि फ्रेंचांचं. तिच्या काठावरच्या एकाही देशाच्या मुख्य भाषेत ते नाही. जर्मनी-ऑस्ट्रियात ती डोनाउ आहे, स्लोवाकियात दुनाय, हंगेरीत दुना, क्रोएशिया, सर्बिया आणि बल्गेरियात दुनाव, रोमानियात दुनरेआ, युक्रेनमध्ये पुन्हा दुनाय. तुर्कांनी तिला तुना म्हटलं. ही सगळी रूपं एकाच नावाची आहेत, यावर अभ्यासकांचं एकमत आहे. मला त्यापुढचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. या नावाचा मूळ अर्थ ‘नदी’ किंवा ‘वाहतं पाणी’ एवढाच होता, आणि नंतर आलेल्या लोकांना तो कळेनासा झाला म्हणूनच हे नाव इतक्या भाषांमधून तरून गेलं, असं उपलब्ध पुराव्यांवरून दिसतं.

प्राचीन काळी या नदीला दोन नावं होती. काळ्या समुद्राच्या बाजूने आलेल्या ग्रीकांना ती इस्ट्रोस म्हणून माहीत होती. इसवी सनपूर्व पाचव्या शतकात हेरोडोटस तिची तुलना थेट नाईलशी करतो आणि ती केल्ट लोकांच्या प्रदेशातून निघते असं सांगतो. पश्चिमेकडून आलेल्या रोमनांनी ‘दानुवियुस’ किंवा ‘दानुबियुस’ हे वरच्या पात्राचं नाव उचललं. ही दोन नावं एकाच प्रवाहाची आहेत हे स्ट्रॅबो या भूगोलकाराला ठाऊक होतं. धबधब्यांपर्यंतचा वरचा भाग तो दानुवियुस म्हणून देतो आणि तिथून समुद्रापर्यंतचा खालचा भाग इस्ट्रोस म्हणून. हे धबधबे म्हणजे आज ‘आयर्न गेट्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घळीचा परिसर. म्हणजे एका नदीवर दोन नावांचा हक्क होता, आणि पुढे वरचं नाव खाली उतरत जाऊन त्याने सगळं पात्र व्यापलं.

या वरच्या नावातला ‘दानु’ हा भाग शोधत गेलं की वाट फार दूरवर जाते. पारशांच्या अवेस्तात ‘दानु’ म्हणजे नदी. ऋग्वेदात ‘दानु’ हा शब्द थेंब, द्रव, दहिवर अशा अर्थांनी येतो. सर्वांत भक्कम साक्ष मात्र एका जिवंत भाषेची आहे. कॉकेशस पर्वतातले ओसेटियन लोक शक-सरमातियन परंपरेतली इराणी भाषा आजही बोलतात आणि तिच्यात ‘दोन’ म्हणजे पाणी, नदी. त्यांच्या प्रदेशातल्या नद्यांची नावं आर्दोन, फियागदोन, गिझेलदोन अशी आहेत. रशियातली डॉन नदी याच शब्दाची. नीपर आणि नीस्टर यांची नावं सहाव्या शतकातला इतिहासकार जॉर्डेनीस ‘दानापर’ आणि ‘दानास्टर’ अशी लिहितो. ‘पलीकडची नदी’ आणि ‘जवळची नदी’ अशी त्यांची फोड अनेक अभ्यासक करतात. संस्कृतातले ‘अपर’ आणि ‘नेदीय’ हे शब्द त्या उत्तरपदांचे नातलग ठरतात. पार पश्चिमेला, इंग्लंडच्या यॉर्कशरमध्येही एक डॉन नदी आहे. तिच्या काठच्या रोमन ठाण्याचं नाव दानुम होतं. त्याचंच आज डॉन्कास्टर झालं.

द आणि न ही दोन व्यंजनं कुठेही जुळतील, मग हा निव्वळ योगायोग कशावरून नाही, असा प्रश्न इथे विचारायलाच हवा. ध्वनी सारखा असला की नातं असतंच असं नाही. जॉर्डन नदीच्या नावातही ‘द’ आणि ‘न’ आहेत, पण ते नाव सामान्यतः ‘खाली उतरणे’ या अर्थाच्या हिब्रू धातूशी जोडलं जातं. डॅन्यूबच्या बाबतीत नुसता ध्वनी जुळत नाही. एकाच कुळातल्या अनेक भाषांमध्ये हा शब्द सापडतो, त्याचा अर्थ दरवेळी पाण्याशीच निगडित असतो आणि त्याच्या रूपांमधले फरक त्या त्या भाषेच्या ध्वनिनियमांना धरून असतात. या तिन्ही गोष्टी एकत्र जुळून येणं योगायोगाच्या पलीकडचं आहे. डॅन्यूबचं हे नाव केल्टांनी ठेवलं, शकांसारख्या इराणी लोकांनी ठेवलं की दोघांच्याही आधीच्या कुणी, यावर वाद आहे. पण तो ‘कुणी’ याबद्दलचा वाद आहे. शब्दाच्या अर्थाला त्याने बाधा येत नाही.

आपल्याकडे या साम्यावरून दुसऱ्या टोकाचे निष्कर्षही काढले जातात. वृत्राची आई दनू, तिची संतती दानव. तेव्हा डॅन्यूबला नाव देणारे लोक भारतातून गेले असावेत, असं म्हटलं जातं. कुणी त्यात ‘दान’ पाहतो आणि देणारी नदी असा मोहक अर्थ लावतो. दनूचं पाण्याशी नातं आहे हे खरंच. ऋग्वेदातला वृत्र पाणी अडवून बसतो आणि इंद्र ते मोकळं करतो. पण दोन भावंडांचे चेहरे सारखे असले म्हणून एक दुसऱ्याचं अपत्य ठरत नाही. संस्कृत, अवेस्ता आणि केल्टिक यांचा पूर्वज एक असेल तर शब्द तिघांकडे वारशाने येतो. त्यासाठी कुणी गंगेकाठून डॅन्यूबपर्यंत चालत जाण्याची गरज नसते. आणि ‘दान’ म्हणावं, तर अवेस्ता आणि ओसेटियनमधले अर्थ पाण्याचे आहेत, देण्याचे नव्हेत.

नदीला कुणी ‘नदी’ असं नाव का ठेवेल, ही शंकाही रास्त आहे. पण काठावर राहणाऱ्याला दुसरी नदी वेगळी दाखवायची नसते. आपल्या खेड्यांतही माणसं ‘नदीवर जातो’ असंच म्हणतात. नाव घ्यावं लागतं ते परक्यासमोर. तो परका तो शब्द विशेषनाम समजून घेऊन जातो. इंग्लंडमध्ये एव्हन नावाच्या अनेक नद्या आहेत आणि वेल्श भाषेत ‘आवोन’ म्हणजे नदीच. आपल्या सिंधूचंही तेच झालं. वेदात ‘सिंधु’ म्हणजे कुठलीही नदी. म्हणून तर सप्तसिंधु. पुढे त्यातली एक सिंधू झाली, इराण्यांच्या तोंडी हिंदू आणि ग्रीकांच्या तोंडी इंदोस झाली. अर्थ कळला असता तर प्रत्येकाने आपापल्या भाषेतला नदीवाचक शब्द वापरला असता. तो कळला नाही, म्हणून ध्वनी जपला गेला.

डॅन्यूबच्या नावात हे जपणं अक्षराअक्षरात दिसतं. जर्मॅनिक भाषांनी लॅटिन-केल्टिक ‘आ’चा दीर्घ ‘ओ’ केला. खालच्या डॅन्यूबकाठी तिसऱ्या-चौथ्या शतकात वावरणाऱ्या गॉथ लोकांच्या तोंडून हे नाव स्लाव्हांकडे गेलं असावं आणि तिथे त्या ‘ओ’चा ‘उ’ झाला. गॉथिक ‘बोका’चा, म्हणजे अक्षराचा, स्लाव्हिक ‘बुकी’ होतो तो याच वळणाने. हंगेरियनांनी दुना हे नाव स्लाव्हांकडून घेतलं. जर्मनांना शेवटचा भाग परका वाटला, तेव्हा त्यांनी त्यात ‘आउ’, म्हणजे पाणथळ कुरण, हा आपला शब्द ऐकला. लिंगही बदललं. रोमन सम्राट ट्राजनच्या स्तंभावर पाण्यातून वर आलेला दानुबियुस दाढीवाला देव आहे. जर्मन डोनाउ आणि रोमानियन दुनरेआ स्त्रीलिंगी आहेत. स्लाव्हांकडे तर नाव पुन्हा मूळपदावर आलं. मूळ नदीपासून दूर राहणाऱ्यांच्या लोकगीतांत ‘दुनाय’ म्हणजे कुठलंही खोल, वाहतं पाणी, आणि पोलंडमधली दुनायेत्स नदी म्हणजे ‘छोटी दुनाय’. विशेषनामाचं पुन्हा सामान्यनाम झालं, तेही मूळ अर्थ कुणालाच माहीत नसताना. या नावाच्या इतिहासातली ही गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: नाव टिकलं ते रोमच्या सत्तेमुळे, अर्थ विसरल्यामुळे नव्हे. ही नदी शतकानुशतकं साम्राज्याची सीमा होती, तिच्या काठाने लष्करी ठाणी होती; या सत्तेने नाव दूरवर पोचवलं हे मान्यच करावं लागतं. पण रोमचा अंमल इस्ट्रोसच्या टापूतही होता. तिथली सत्ता पुढे कॉन्स्टँटिनोपलकडे गेली आणि ग्रीक विद्वान इस्ट्रोस हेच नाव लिहीत राहिले. गॉथ, स्लाव्ह, हंगेरियन, तुर्क यांच्यावर मात्र लॅटिन नाव पाळण्याची सक्ती करणारं कुणी नव्हतं. नदीवर जो आधी राहत होता त्याच्या तोंडून जे ऐकलं, तेच त्यांनी पुढे चालवलं. बोलण्यातली ही परंपरा ग्रंथांतल्या परंपरेपेक्षा चिवट ठरली. इस्ट्रोस हे नाव जगाला ज्यांच्यामुळे कळलं, त्या ग्रीकांच्या आजच्या भाषेतही ही नदी ‘दूनाविस’ आहे, आणि त्यातला ‘ऊ’ स्लाव्हांकडून आलेला आहे.