मिश्रीचे पैलू पाडतं कोण?

रायपूरच्या गोल बाजारात दोऱ्यावरची खडीसाखर हवी असेल तर ‘धागेवाली मिश्री’ असं स्पष्ट सांगावं. नाहीतर बारीक दाण्यांची पुडी हातात पडायची. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी घरं आहेत, प्रसादाला लोणी-मिश्री त्यांनाही लागतेच. तिचे ते सपाट, चकचकीत पैलू मात्र कुणी कारागिराने पाडलेले नसतात.

आधी दोऱ्याचं काम पाहू. 20 अंश सेल्सिअसला 100 ग्रॅम पाण्यात सुमारे 200 ग्रॅम साखर विरघळते. उकळत्या पाण्यात त्याच्या दुपटीहून जास्त. दाट पाक सावकाश निवला की जादा साखरेला बाहेर पडायचं असतं, पण ते सोपं नसतं. स्फटिकाच्या पोटातल्या रेणूला चहूबाजूंनी शेजारी असतात. पृष्ठावरच्या रेणूची एक बाजू उघडी. या उघडेपणापायी जी जादा ऊर्जा साठते ती पृष्ठऊर्जा. इवल्याशा कणात पोट कमी आणि पृष्ठच फार, म्हणून तो बनतो न बनतो तोच विरघळतो. ठराविक आकार ओलांडला तरच टिकतो. दोरा आयतं पृष्ठ देतो, आणि त्याला साखरेची पूड लागलेली असेल तर नव्याने जन्म घ्यायचीही गरज नाही.

आता पैलू. अमेरिकेचे गिब्ज यांनी 1878 च्या सुमारास आणि रशियाचे वुल्फ यांनी 1901 मध्ये मांडलं ते असं: एकूण पृष्ठऊर्जा किमान राहील असा आकार स्फटिक घेतो. पण हे समतोलात निवांत बसलेल्या स्फटिकाचं झालं. पाकातला स्फटिक वाढीच्या घाईत असतो, तिथे वेग बोलतो. जो पैलू रेणू भराभर चिकटवून घेतो तो पुढे सरकता सरकता अरुंद होतो आणि शेवटी नाहीसा होतो. मंद पैलू रुंदावतात. म्हणजे मिश्रीवर आपण पाहतो ते सगळ्यांत आळशी पैलू! कुठला पैलू आळशी, हे रेणूंमधल्या बंधांच्या साखळ्या कोणत्या दिशेने जातात त्यावर ठरतं. हार्टमन आणि पेरडॉक या स्फटिकशास्त्रज्ञांनी 1955 मध्ये हे दाखवलं. साखरेत त्या साखळ्या हायड्रोजन-बंधांच्या, आणि सगळ्या दिशांना सारख्या नाहीत. म्हणूनच मिठासारखा सरळ चौकोनी खडा तिला जमत नाही.

यात परका रेणू घुसला की आकार बिघडतो. महाराष्ट्रातल्या कारखान्यांत तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिला, तर जिवाणू त्यात डेक्स्ट्रान नावाचं लांबलचक रेणूंचं द्रव्य तयार करतात. ते काही पैलूंवर बसून त्यांची वाढ अडवतं, बाकीचे पुढे जातात, आणि दाणा लांबट निघतो. असा दाणा दिसला की ऊस शिळा होता हे कारखान्यात पाक शिजवणाऱ्या जाणकार पॅनमनला वेगळं सांगावं लागत नाही.

दाणा लांबट असो, बारीक असो वा दोऱ्यावरचा टपोरा, रेणू एकच, सुक्रोजचा. मिश्री साखरेहून ‘हलकी’ असं दुकानात कुणी सांगितलं, तरी घरात मधुमेही असेल तर तिला साखरच समजा.